अर्ध्या आट्यांवरचं चाक

प्रिय शिजिल,

परवा पोलीस ठाण्याच्या आवारात तू मला 'मॅडम' म्हणालास. मी जीपमधून उतरले तेव्हा तू भिंतीलगतच्या बाकावर बसला होतास. मला पाहून उठलास, वर दुमडलेलं मुंडू सोडून पायापर्यंत खाली केलंस आणि मान खाली घालून म्हणालास, "नमस्कार, मॅडम." शेजारच्या हवालदारानं विचारलं, "काय रे, ओळख आहे का?" मी तोंड उघडायच्या आत तूच उत्तर दिलंस, "मॅडमना कोण ओळखत नाही साहेब? सगळ्या वडकरातल्या पोरांची चाकं ह्यांनीच उतरवलीत!" हवालदार हसला. मीही हसल्यासारखं केलं आणि आत गेले.  फोन करता आला असता. आमच्या आरटीओ ऑफिसात बसून तुझा नंबर काढायला वेळ लागत नाही. पण फोनवर तू दोन वाक्यांत विषय मिटवून टाकतोस, हे मला पूर्वीपासून ठाऊक आहे. कागदावर मला मध्येच अडवता येणार नाही, म्हणून कागद घेतला.

बुधवारी मला बोलावणं आलं तेव्हा तुझं नाव माझ्या स्वप्नातही नव्हतं. पुदुप्पणमच्या उतारावर गाडीचं पुढचं चाक निखळलं, रस्त्याकडेच्या बाईला लागलं, गाडी तपासायला या, एवढाच निरोप. ठाण्यामागच्या मोकळ्या जागेत ती गाडी उभी होती. जुनी मारुती एट-हंड्रेड, वरून काळा रंग मारलेला, काचांवर कुठल्याशा फुटबॉल क्लबचं चित्र. पुढचं डावं चाक नसल्यानं गुडघा टेकलेल्या वासरासारखी एका बाजूला वाकलेली. पोरगा, रयीस, कोपराला पट्टी बांधून शेजारी उभा होता. आल्याआल्या म्हणाला, "मॅडम, अल्लाची शपथ, मी चाळीसच्या वर नव्हतो. स्टेअरिंग थरथरायला लागलं. मला वाटलं, हायवेचं काम चाललंय, रस्ताच तसला. आणि बघतो तर माझंच चाक माझ्या पुढं पळतंय!" हवालदाराला हसू आलं, पण पोराचा चेहरा पाहून त्यानं ते गिळलं. ते चाक उतारावरून उड्या मारत गेलं आणि दाक्षायणी नावाच्या बाईच्या पायावर आदळलं. घरोघरी फिरून प्लास्टिक गोळा करणाऱ्या पंचायतीच्या बायकांपैकी ती. पोतं पाठीवर घेऊन कडेनं, आपल्या बाजूनं चालली होती.

मूळची बारा इंची चाकं काढून त्या गाडीला चौदा इंची अलॉय घातलेले. असल्या गाड्या मी रोज बघते. कशाला घालता विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच, "मॅडम, गाडी गाडीसारखी दिसते." मी आधी मागच्या बाजूला वाकले, सवयीनं. आणि टॉर्च तिथंच थांबली. मागच्या चाकाच्या प्रत्येक नटावरून अलॉयवर उतरलेली बारीक पिवळी रेघ. केसासारखी बारीक, सरळ. नट कणभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लांबून कळतं. आपल्या जिल्ह्यात अलॉय बसवणारे पुष्कळ आहेत, पण ही रेघ ओढणारा मला एकच ठाऊक आहे. आणि त्याची पहिली रेघ पिवळी नव्हती. ती माझ्या नेलपॉलिशची होती.

तुझ्या मामाची ती पांढरी गाडी तुला आठवत असेलच. पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मामाला चाकं मोठी हवी होती, लग्नात मिरवायला. सगळ्या वर्गानं म्हटलं, चार नट काढायचे आणि चार नट लावायचे, त्यात काय आहे? तू मात्र आठवडाभर त्या गाडीखाली लोळत होतास. मी टॉर्च धरून चाकाशेजारी बसायची आणि तू स्टेअरिंग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचास. "लागतंय?" "लागतंय." "कुठं?" "आतल्या बाजूला, शॉकअब्सॉर्बरला." मग खाली उतरून स्वतः बोट घालून बघायचास. मामा वैतागला, "अरे, गाडीला चाक लावतोयस की नवरी बघतोयस?" तू म्हणालास, "मामा, बूट मोठे घ्यायचे तर आधी पाय मोजायला लागतो." शेवटी तू रुंद टायर परत केलेस, त्याच अलॉयवर बारीक टायर चढवलेस आणि घासणं थांबलं. मग माझ्या पर्समधली ती लाल बाटली मागितलीस. मी म्हटलं, "आता हिला नटवणार?" तू रेघा ओढल्यास आणि म्हणालास, "आता ह्या नटाला कुणी हात लावला तर मला कळेल." दुसऱ्या दिवशी माझ्या नखांना लावायला पॉलिश उरलं नव्हतं.

हे सगळं त्या आवारात, टॉर्च हातात धरून, मला आठवलं. मी उठून पुढच्या बाजूला गेले. डाव्या चाकाचे नट ज्यांवर फिरतात त्या चार स्टडपैकी दोन तुटलेले, दोनांचे आटे साफ खरवडलेले. आणि हबवर एक जाडसर अॅल्युमिनियमची चकती चिकटून राहिलेली. स्पेसर. हब आणि चाक यांच्यामध्ये घालून चाक बाहेर ढकलायचं, म्हणजे आतल्या बाजूला घासत नाही. घासणं थांबतं खरं, पण चकती जेवढी जाड तेवढा स्टड आखूड पडतो, आणि नटाला धरायला आटेच उरत नाहीत. लांब स्टड न घालता स्पेसर लावणाऱ्याला तू काय म्हणायचास ते मी इथं लिहीत नाही. आपल्या वर्कशॉपच्या सरांसमोर म्हणाला होतास आणि आठवडाभर वर्गाबाहेर उभा राहिला होतास.

मी रयीसला विचारलं, "ही चकती कधी घातली?" तो म्हणाला, "चाकं बसवली तेव्हा वळताना घासत होतं. दुकानाचे शिजिलेट्टन म्हणाले, थांब, टायर बारीक मागवतो, तोवर जुनी चाकं घालून फिर. पण मला धीर निघेना, मॅडम. कॉलेजात सगळ्यांना सांगून बसलो होतो. मग शनिवारी परत गेलो..." आणि त्यानं एकदम हवालदाराकडं पाहिलं. मी म्हटलं, "शनिवारी कुणी घातली?" "दुकानात घातली." "दुकानात कुणी?" तो पायाकडं बघत म्हणाला, "शिजिलेट्टननीच." खोटं बोलायची सवय नसलेलं पोर कसं बोलतं ते मला आता कळतं, इतकी वर्षं रस्त्यावर उभी आहे. एवढ्यात ठाण्याचे इन्स्पेक्टर बाहेर आले. "झालं का मॅडम? दुकानदारानं सकाळीच येऊन कबूल केलंय. आपल्या हातून झालं म्हणतोय. तुमचं काम सोपं आहे, दोन ओळी लिहा."

दोन ओळी. खरंच तेवढंच होतं. चाक चुकीचं बसवलं, दुकानदाराचा हलगर्जीपणा. सगळं जुळत होतं, तुझ्या कबुलीशी, पोराच्या जबाबाशी, लोकांच्या बोलण्याशी. आमच्या ऑफिसात तर तुमच्या धंद्याबद्दल चांगलं बोलणारं कुणी नाही. मी स्वतः कितीतरी जणांना दंड केलाय. पण तुला माहीत नाही, शिजिल, तुझ्या दुकानातून निघालेली गाडी मी लांबून ओळखते. कायद्यात बसत नाही आणि तरी कुठं घासत नाही, हलत नाही, अशी गाडी दिसली की मी आमच्यातल्या दुसऱ्या इन्स्पेक्टरला पुढं करते आणि स्वतः कागद तपासत बसते. तुझ्या रस्त्यानं मी आजवर गेले नाही. रेल्वे फाटकाला वळसा घालून जाते.

मी इन्स्पेक्टरांना सांगितलं, उजवं चाक अजून गाडीवर आहे, ते उद्या तुमच्या माणसासमोर उघडते. रात्रभर मनाची समजूत घातली की कदाचित तूच बदलला असशील. माणसं बदलतात, दुकान चालवायचं, गिऱ्हाईक घाई करतं, एखाद्या शनिवारी हात कंटाळतो. परवा ते चाक उघडलं. त्याच्याही नटांवर पिवळी रेघ होती. पण नटावरचा अर्धा तुकडा एकीकडं आणि अलॉयवरचा अर्धा दुसरीकडं. कुणीतरी नट काढले होते, परत लावले होते, आणि ती रेघ कशासाठी आहे हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. पाना लावून जरासा सैल केला आणि पुढं बोटांनी फिरवला, तर मी नीट धरायच्या आत नट तळहातात येऊन पडला. हवालदार म्हणाला, "बापरे, हे पण सुटायच्याच बेतात होतं की!" फोटो काढले, नट पाकिटात घालून मोहोर लावली. त्यानंतर बाहेर आले आणि तुला पुन्हा बाकावर पाहिलं. तू माझ्याकडं बघितलं नाहीस. तुला कळलं होतं की मला कळलंय.

संध्याकाळी तुझी धाकटी बहीण, हर्षा, घरी आली. मला वाटलं नव्हतं ती मला ओळखेल. मी तिला पाहिली तेव्हा ती दोन वेण्या घालून शाळेत जायची आणि आपण दोघं पुळणीवर बसलो की मध्ये येऊन बसायची. आता दिवस भरत आलेत तिचे. पायऱ्या चढून दम लागला होता. मी पाणी दिलं, तिनं ते हातातच धरून ठेवलं. "लिजिना चेच्ची, एट्टन जे सांगतोय तेच लिहून टाका ना." मी म्हटलं, "तो काय सांगतोय ते मला माहीत आहे. त्या शनिवारी तो कुठं होता?" ती रडायला लागली. तू अम्माला घेऊन कोळिकोडला गेला होतास, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी. दुकानात तिचा नवरा विपिनेश एकटा. कतारचा व्हिसा येईपर्यंत नुसतं बसून काय करायचं म्हणून तो तुला मदत करायला येत होता. रयीसनं स्वतःच कुठूनतरी त्या चकत्या मागवल्या होत्या. "हे घातलं की घासत नाही म्हणतात, घालून द्या ना," म्हणाला. विपिनेशला वाटलं, मेहुण्याला खूश करू, गिऱ्हाईक परत जायला नको. "त्याला काय माहीत हो चेच्ची, नट बसला म्हणजे बसला असंच त्याला वाटलं. एट्टनला कळलं तेव्हा त्यानं त्याच्यावर हातसुद्धा उगारला नाही. नुसता म्हणाला, तू त्या दिवशी दुकानात नव्हतास. कुणी विचारलं तर घरी होतास." आता पोलिसांत नाव गेलं तर व्हिसा गेलाच. बाळ यायचंय. "एट्टनचं काय आहे, त्याला ना बायको ना मूल. तो म्हणतो, मी चार दिवस भोगीन आणि सुटेन." हे वाक्य बोलून ती स्वतःच दचकली.  तिला रिक्षापर्यंत पोचवलं. जाताना तिनं माझा हात धरला, "तुम्ही त्याच्यासाठी एवढं कराल ना?"

मी दारात उभी राहिले आणि मला तुझा इतका राग आला, शिजिल, की आतून माझ्या नवऱ्यानं, रतीशनं, दोनदा हाक मारली तरी मला ओ देता आली नाही. कारण हे तू पहिल्यांदा करत नाहीयेस. तुझे वडील माडावरून पडले आणि अंथरुणाला खिळले, त्या पावसाळ्यानंतर तू मला पुळणीवर बोलावलंस आणि सांगितलंस की मामाच्या मुलीशी तुझं ठरलंय. "घरच्यांना नाही म्हणता येत नाही. तू परीक्षा दे, तुला सरकारी नोकरी लागेल," म्हणालास. मी तुला काय काय बोलले ते आठवायची मला आज लाज वाटत नाही, कारण तुला तेच हवं होतं. मी चिडून निघून जावं, मागं वळून बघू नये. मी चिडले. परीक्षा दिली. नोकरी लागली. रतीशशी लग्न झालं. आणि लग्नानंतर दोन वर्षांनी बसस्टँडवर तुझ्या मामाची ती मुलगी भेटली, कॉलेजचं दप्तर घेऊन. मी सहज विचारलं तर ती तोंडाला ओढणी लावून हसायला लागली, "शिजिलेट्टनशी? माझं? अहो, मी तेव्हा नववीत होते!"

बस आली, ती चढली, मी तिथंच उभी. तू माझ्यासाठी केलंस हे कळायला मला वेळ लागला नाही. आजारी बाप, लहान बहीण, टायरच्या दुकानातली नोकरी. ह्यात हिला कशाला ओढू, असं तू ठरवलंस. चांगल्या मनानं ठरवलंस. पण मला विचारलं नाहीस. माझ्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट तू एकट्यानं ठरवलीस, आणि वर मला तुझ्यावर रागावायला लावलंस. तोवरची सगळी वर्षं मी चुकीच्या माणसावर रागावले होते, असा माणूस की जो नव्हताच. आज माझा संसार आहे, मुलगी आहे, रतीश भला माणूस आहे आणि मला त्यातलं काही नको आहे असं नाही. ते तुला कळावं म्हणून सांगते. पण तुझं ते खोटं मी कधी माफ केलेलं नाही, हेही कळू दे.

काल दुपारी मी दाक्षायणीला बघायला गेले. जायला नको होतं, नियमात बसत नाही, तरी गेले. डॉक्टरांना पाऊल वाचवता आलं नाही. गुडघ्याच्या खाली पाय नाही आता. मला वाटलं होतं ती रडत असेल. ती उशीला टेकून बसली होती आणि नर्सला सांगत होती की जेवणातल्या सांबाराला चव नाही. मला म्हणाली, "तुम्ही त्या चाकवाल्या मॅडम ना? बसा पलंगावरच. आता जागा झालीय." मला बसवेना. ती बोलत राहिली. डोंगरावरची घरं तिच्याकडं असायची. बाकीच्या बायका म्हणायच्या, दाक्षायणी शेळीसारखी चढते, वरची घरं तिलाच द्या. "ते पोरगं येऊन रडून गेलं. त्याची आई चिकनचं कालवण घेऊन आली. दुकानवाला पण आला होता. हात जोडून उभा राहिला." मी विचारलं, "काय म्हणाला?" "म्हणाला, चूक झाली. मी म्हटलं, बाबा रे, कसली चूक? काय राहिलं लावायचं, काय जास्त झालं, ते तरी सांग. तर गप्प. मॅडम, मी शिकलेली नाही. पण ज्याच्या हातून होतं त्याला कसली चूक ते माहीत असतं. भात करपला तर मी सांगू शकते ना, कुठं लक्ष होतं माझं? ह्याला सांगता येईना. हा तो नव्हे." मग उशी सारखी करत म्हणाली, "तुरुंगात घाला, सोडा, ते तुमचं तुम्ही बघा. पण मला तो माणूस कोण ते कळू द्या. भलत्यावरच राग धरून बसले तर माझा राग फुकट जाईल."

तिच्यासमोर मी मान हलवली. शिजिल, तुला वाटतं तू एकटा भोगशील आणि बाकी सगळे सुटतील. पण ह्या बाईला तू एक खोटा माणूस दिला आहेस रागवायला. विपिनेशला तू काय दिलंस ते अजून त्याला कळलेलं नाही. कतारला जाईल, तिथंही गाड्यांखाली काम करील, आणि चकतीनं स्टड आखूड पडतो हे त्याला कुणी दरडावून सांगितलेलंच नसेल. तुझ्या हातून आजवर एक नट चुकलेला नाही, आणि उद्या सगळ्या वडकरात तू अर्ध्या आट्यांवर चाक लावणारा म्हणून ओळखला जाशील. तुला त्याचं काही नाही, मला ठाऊक आहे. मला आहे.

आता हे पत्र कशासाठी, ते. हर्षा गेली त्या संध्याकाळी मी रतीशला सगळं सांगितलं. तो वर्ग घेऊन आला होता, वह्या तपासत होता. आपल्याबद्दल, पुळणीबद्दल, मामाच्या मुलीबद्दल, सगळं. त्यानं पेन खाली ठेवलं, बाहेर जाऊन मिरीच्या वेलांना पाणी घातलं, परत आला आणि म्हणाला, "बाहेरून कळलं असतं तर वाईट झालं असतं. पण मला दोन दिवस काही विचारू नकोस." अजून आम्ही कामापुरतंच बोलतोय. काल दवाखान्यातून मी सरळ आमच्या साहेबांच्या, बालगोपालन सरांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, "सर, पुदुप्पणमची गाडी दुसऱ्याकडं द्या. तपासणीवर माझी सही नको." ते म्हणाले, "पाहून आलीस ना सगळं?" "पाहिलं ते सगळं सांगते. पण त्या दुकानदाराशी माझं लग्न व्हायचं होतं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बुधवारीच का नाही सांगितलंस? ह्यावरून ऑफिसात तुला खूप ऐकावं लागेल, ठाऊक आहे ना?" मी ठाऊक आहे म्हटलं. मग तुटलेली रेघ, चकत्या, शनिवार, कोळिकोडचा दवाखाना, आणि हर्षा घरी येऊन काय बोलली ते, सगळं सांगितलं. विपिनेशचं नाव मी घेतलं, शिजिल. तू झाकून ठेवलेलं मी उघडं केलं, आणि हे तुला पोलिसांच्या तोंडून नव्हे, माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते आहे. सर एवढंच म्हणाले की दुसरा इन्स्पेक्टर सोमवारी सकाळी येईल, आणि त्याआधी कुणी आपण होऊन ठाण्यात आलं तर त्याचं वजन वेगळं असतं. म्हणजे उद्याचा रविवार तुमच्या हातात आहे. हर्षा मला शाप देईल, देऊ दे. तू रागावशील, तोही राग ह्या वेळी तरी खऱ्या माणसावर असेल. विपिनेशला घेऊन ठाण्यात जा. पायऱ्यांपर्यंत बरोबर जा, हवं तर त्याच्या खांद्यावर हात ठेव. पण आत त्याला एकट्याला जाऊ दे. तू बाहेर थांब.

तुझ्याच वर्गातली,
लिजिना